चष्मेवाल्यांचं दुसरं बिऱ्हाड

चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरलं की समोर अक्षरांचा तक्ता दिसायचा. वरचं अक्षर ताटाएवढं, खालची ओळ मुंग्यांएवढी. तक्त्याच्या शेजारी एक दार होतं आणि त्याला जाड निळा पडदा. पडद्यापलीकडे चष्मेवाल्यांचं घर. एक खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, आणि खोलीच्या कोपऱ्यात शिलाई मशीनला खेटून ठेवलेला कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला बाईंनी घरी शिवलेलं झाकण होतं, कडेने बारीक पायपिंग केलेलं.

बाई म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, म्हणून सगळ्या गल्लीच्या त्या शिवणाच्या बाई. चष्मेवाले मात्र त्यांना नुसतं "अगं" म्हणायचे आणि त्या त्यांना "अहो". एवढ्या वर्षांच्या संसारात या दोन शब्दांवर त्यांचं भागलं.

त्यांना एक मुलगी झाली होती. तीन दिवस होती. पहिल्या दिवशी जेमतेम रडली, दुसऱ्या दिवशी थोडं दूध घेतलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं. पोटात होती तेव्हा बाई तिला ठकू म्हणायच्या, तेवढंच काय ते. पुढे मूल झालं नाही आणि तो विषयही दोघांनी काढला नाही. चष्मेवाले दुकानात जास्त बसू लागले आणि बाई शाळेत.

कॉम्प्युटर घेतला तो गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर लिहून ठेवायला. पण चष्मेवाल्यांना वहीच बरी वाटायची, त्यामुळे तो झाकणाखाली पडून होता. चष्मेवाल्यांची भाची तेव्हा सातवीत होती. सुट्टीत ती मामाकडे राहायला आली ती एक सीडी घेऊन. खेळ असा होता की आपण माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला पाठवायचं, जेवू घालायचं, झोपवायचं. त्यात जिंकणं नव्हतं आणि हरणंही नव्हतं.

"मग करायचं काय त्यात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"जगायचं, मामा."

"ते तर आम्ही सीडीशिवाय करतोच."

बाई मात्र खुर्ची ओढून भाचीच्या शेजारी बसल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर छप्पर काढलेलं घर होतं, वरून सगळं दिसत होतं. शेगडी कुठे, पलंग कुठे, कोण कुठे उभं आहे. "हे तर बिऱ्हाड मांडणं झालं," बाई म्हणाल्या. खेळाचं खरं नाव परक्या भाषेत होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव बिऱ्हाड.

भाचीने एक पुरुष केला, त्याला चष्मा घातला. एक बाई केली, तिला निळा झगा दिला. आठवड्याभरात त्या दोघांच्या घरात पाळणा आला. आणि खेळाने नाव विचारलं. नाव लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

"मामी, लिही ना काहीतरी. काहीही चालतं."

बाईंनी कीबोर्ड जवळ ओढला. मग एका बोटाने त्यांनी ठकू लिहिलं. चष्मेवाले हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारातल्या पडद्याशी उभे होते. ते परत दुकानात गेले, आणि हातातला चष्मा उलटा धरून त्याचा स्क्रू शोधत बसले.

त्या पहिल्या बिऱ्हाडाचा नियम असा होता: मूल खेळातले तीन दिवस पाळण्यात. रडलं की उचलायचं, दूध द्यायचं. हेळसांड झाली तर एक सरकारी बाई येऊन त्याला घेऊन जायची. तीन दिवस निभावले की चौथ्या दिवशी मूल एकदम शाळेत जाण्याएवढं होऊन उभं राहायचं. बाईंनी त्या तीन दिवसांत दोघांनाही कामावर पाठवलं नाही. खेळातल्या चष्मेवाल्या पुरुषाची नोकरी गेली. स्वतः बाई दुपारभर जेवायला उठल्या नाहीत. आणि मग पडद्यावर दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"झाले तीन दिवस," बाई म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

भाची घरी गेली, सीडी राहिली. शाळा सकाळची असायची. दुपारी एक ते चार दुकान बंद. तेवढ्या वेळात बाईंचं बिऱ्हाड चालायचं. त्या बिऱ्हाडात कुणाचं वय वाढत नसे. निळ्या झग्यातली बाई तेवढीच तरुण, ठकूच्या वेण्या तेवढ्याच. तीन वर्षं ती रोज शाळेत जात होती आणि रोज तेवढीच होती.

भाची दहावी झाली तेव्हा त्याच खेळाचा सुधारलेला दुसरा नंबर आला. तो घेऊन ती धावतच आली. "मामी, ह्यात मूल रांगतं!"

बाईंचा हात शिवणावर थांबला. "रांगतं म्हणजे?"

"पाळण्यानंतर रांगतं. मग आपण त्याला चालायला शिकवायचं, बोलायला शिकवायचं. नाकडोळे पण आईबापांचे घेतं, थोडे ह्याचे थोडे तिचे. मग शाळा, कॉलेज, लग्न. आणि मग," भाची जरा थांबली, "म्हातारे होऊन मरतात पण. ह्यात वय वाढतं."

"दर काही वर्षांनी नंबर वाढतो म्हणजे हे डोळ्यांसारखंच झालं," चष्मेवाले दुकानातून म्हणाले. "नंबर वाढला म्हणून कुणाला पेढे देत नाहीत हो."

पहिल्यातली माणसं दुसऱ्यात हलवता येत नव्हती. बाईंनी सगळं नव्याने मांडलं. तोच चष्मा, तोच निळा झगा. त्या दिवसांत एक गिऱ्हाईक चष्मेवाल्यांना सहज विचारून गेलं, बाई दिसत नाहीत हल्ली. चष्मेवाले काच पुसण्याच्या नादात म्हणाले, "दुसरं बिऱ्हाड मांडलंय ना. पहिल्यात मूल मोठं होईना." दोन दिवसांत ही गोष्ट गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांची बहीण, म्हणजे भाचीची आई, चप्पल न काढताच आत शिरली.

"दादा, ह्या वयात तुला काही लाज?"

बाई कॉम्प्युटरवरून वळल्या. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "वन्सं, बसा. दुसरं बिऱ्हाड माझं आहे. ह्यांना अजून पहिलंच झेपत नाही."

ठकू झाली. पाळण्यातले दिवस निघाले. आणि एका दुपारी ती फरशीवर रांगू लागली. चष्मेवाल्यांनी पडद्याआडून डोकावून पाहिलं. निळ्या झग्यातली बाई खाली बसली होती, ठकूचे दोन्ही हात धरून तिला उभी करत होती. ठकू पडायची, बूड टेकायची, पुन्हा हात वर करायची. असं वीसएक मिनिटं चाललं. मग हात सुटले, आणि ठकू चार पावलं स्वतःची चालली.

बाईंनी खेळ बंद करायला घेतला. बंद करताना तो विचारायचा, जतन करायचं का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. बाईंनी 'नाही' दाबलं.

"अगं, पुसलं गेलं ना सगळं," चष्मेवाले म्हणाले.

"आजचं गेलं. कालपर्यंतचं आहे."

दुसऱ्या दुपारी ठकू पुन्हा रांगत होती. पुन्हा निळी बाई खाली बसली, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा चार पावलं. पुन्हा नाही. तिसऱ्या दुपारीही तेच. आठवडा झाला तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं.

"रोज तेच?"

"रोज."

"कंटाळा नाही येत?"

"तुम्ही रोज त्याच तक्त्यावरची अक्षरं वाचून घेता, तुम्हाला येतो का?"

पुढे नऊ वर्षं हे असं चाललं. जेवण, भांडी, मग खुर्ची, मग ठकूची चार पावलं. कधी सुट्टीच्या दिवशी चष्मेवालेही स्टूल घेऊन बसायचे. "आज लवकर उठली," असं काहीतरी बोलायचे. खेळातला बाप तेव्हा नोकरीवरून यायचा असे. तो दारात पोचायच्या आत बाई बंद करायच्या, म्हणून त्याने ती पावलं कधी पाहिली नाहीत. चष्मेवाल्यांना हे मनातून लागायचं, पण खेळातल्या माणसाची बाजू घेऊन भांडायचं तरी कसं?

नाकाचा विषय मात्र निघायचा. रांगत्या ठकूचं नाक बटणाएवढं, त्यावरून काही कळत नसे. "देव करो आणि तुमचं नाक न येवो," बाई म्हणायच्या.

"चष्मा टिकायला नाक लागतं," चष्मेवाले म्हणायचे. "तुझ्या नाकावरून निम्मं आयुष्य चष्मा घसरतोय. नाकावरचे पॅड बदलून बदलून थकलो."

भाची नोकरीला लागली आणि तिसरा नंबर घेऊन आली. त्यात खेळ मधे न अडता घरातून थेट रस्त्यावर जाता यायचं. सगळी गल्ली एकदम जिवंत. कुणी विसराळू, कुणी चिडका, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. शेजारीपाजारी आपले आपण लग्नं करायचे, म्हातारे व्हायचे. बाईंनी दोन दुपारी पाहिलं. दुसऱ्या दुपारी शेजारचा एक म्हातारा, ज्याला त्यांच्या माणसांनी सकाळी हात केला होता, तो बाई आपल्या माणसांना जेवू घालत असताना मरून गेला.

"आपलं लक्ष नसताना?" बाईंनी विचारलं.

"हो मामी, तेच तर ह्यात नवीन आहे."

"ह्यात नवीन काय आहे, बाई," बाई म्हणाल्या.

"वय थांबवायची सोय पण आहे. रांगतेय तर कायम रांगू दे."

"थांबवून ठेवलेलं नको. तिने चालायला शिकायला हवं." आणि त्या परत दुसऱ्या बिऱ्हाडात गेल्या.

त्याच वर्षी बाई आजारी पडल्या. आधी शाळा सुटली, मग स्वयंपाकघर, मग खुर्ची. पलंग कॉम्प्युटरच्या समोर सरकवला तरी हात माऊसपर्यंत पोचेना. मग दुपारचं काम चष्मेवाल्यांकडे आलं. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू सहज उचलणारा तो माणूस माऊस धरला की गांगरायचा. निळ्या बाईला ठकूकडे पाठवायचं तर ती मोरीत जाऊन उभी राहायची.

"अहो, तिला आंघोळ कशाला? ठकूवर दाबा. ठकूवर."

"दाबतोय."

"ते टेबल आहे."

पण जमत गेलं. ठकू दुपारी थोडा वेळ झोपायची, तेव्हा खेळातलं घड्याळ जोरात पळवायचं हेही ते शिकले. बाई उशीला टेकून बघायच्या. चार पावलं झाली की डोळे मिटायच्या, आणि चष्मेवाले 'नाही' दाबायचे.

एका दुपारी ठकू झोपली होती. घड्याळ जोरात पळत होतं. औषधाने बाईंचाही डोळा लागला होता. तेवढ्यात दुकानाच्या शटरवर कुणीतरी हात मारला. एक म्हातारी बाई होती, चष्म्याची काडी निखळलेली. बसचा नंबर दिसत नाही म्हणाली, घरी कशी जाऊ? चष्मेवाल्यांनी शटर अर्धं वर केलं. तिच्या चष्म्याचा स्क्रू जुन्या मापाचा निघाला. तीन डब्या उपसल्या तेव्हा एक सापडला. तो बसवला, काड्या सरळ केल्या, नाकावर चष्मा बसवून पाहिला. म्हातारी गेली, आणि चष्मेवाल्यांना घड्याळ आठवलं.

पडद्यावर रांगणारी ठकू नव्हती. खोलीच्या मधोमध एक मुलगी उभी होती. आठएक वर्षांची, अंगात पिवळा फ्रॉक. तिचे केस बाईंचे होते, दाट आणि कपाळावर येणारे. आणि नाक चष्मेवाल्यांचं. अगदी तेच, मधे उंच, शेंड्याला रुंद.

चष्मेवाले स्टुलावर बसले. घड्याळ थांबवायचंही त्यांना सुचलं नाही. मुलगी इकडे तिकडे बघत होती. मग तिने मान वर केली. खेळातली माणसं अधूनमधून अशी वर बघतातच, त्यात विशेष काही नाही. पण ती वर बघत होती.

त्यांनी खेळ बंद करायला घेतला. जतन करायचं का? नियम त्यांना पाठ होता. नऊ वर्षं त्यांनी बाईंचा हात बघितला होता, आता कित्येक दिवस स्वतःचा. 'नाही' दाबलं की झालं, उद्या ठकू पुन्हा रांगेल. त्यांनी बाण 'नाही'वर नेला. आणि त्यांच्या मनात आलं, नाही म्हटलं तर ही कुठे जाईल?

त्यांनी 'होय' दाबलं.

बाई जाग्या झाल्या तेव्हा कॉम्प्युटरवर झाकण होतं.

"चालली का?"

"चालली."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला गावाला गेलाय म्हणाले. चौथ्या दिवशी बाई झोपल्यावर त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं, जुना दिवस कुठे उरलाय का. नव्हता. एकावर एक लिहिलं जायचं, आधीचं राहत नसे. भाचीला फोन केला तर तीही म्हणाली, नाही मामा, तो गेला. आठ दिवस चष्मेवाले बायकोशी खोटं बोलले. ह्याआधी कधी बोलले नव्हते, त्यामुळे ते त्यांना नीट येतही नव्हतं.

नवव्या दिवशी ते बाईंना चमच्याने पाणी पाजत होते. बाईंनी चमचा हाताने बाजूला केला.

"मोठी झाली ना?"

चष्मेवाल्यांनी मान हलवली.

"नाक?"

"माझंच."

बाई हसल्या. हसता हसता खोकला आला, खोकल्यात पुन्हा हसू आलं. "बिचारी," त्या म्हणाल्या. "'नाही' का नाही दाबलंत?"

"दाबवेना. समोर उभी होती."

बाहेर गल्लीत कुणीतरी शटर ओढलं.

"मलाही दाबवत नसे," मग त्या म्हणाल्या. "रोज."

नऊ वर्षं पडद्याआडून बघूनही त्यांना हे कधी दिसलं नव्हतं. त्यांना वाटायचं, बाईंना तो दिवस आवडतो म्हणून.

"दाखवू का तिला?" त्यांनी विचारलं. "चालू आहे कॉम्प्युटर. बिघडला नव्हता."

"ते मला माहीत आहे. पंख्याचा आवाज येतो." बाईंनी कूस बदलली, भिंतीकडे. "नको. शाळेत गेली असेल आता."

त्यानंतर बाई एकोणीस दिवस होत्या. ठकूचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि चष्मेवाल्यांनी झाकण काढलं नाही.

चौथा नंबर आला तेव्हा भाचीचं लग्न होऊन तिला मुलगा झाला होता. तो दुकानभर रांगायचा, खालच्या खणातल्या फ्रेम तोंडात घालायचा. भाचीने नवा कॉम्प्युटर आणला, जुन्याच्या शेजारी ठेवला. "मामा, ह्यात माणसांना मन आहे. दुःखी असतील तर चालताना कळतं. चेहरा हवा तसा करता येतो, अगदी हुबेहूब."

"रांगतात का?"

"ह्यात रांगणं काढून टाकलंय, मामा. पाळण्यातून एकदम शाळा. पहिल्यासारखं."

"काढून टाकलं? कुणी?"

"बनवणाऱ्यांनी. लोकांनी खूप ओरड केली."

"करणारच," चष्मेवाले म्हणाले, आणि वाकून बाळाच्या तोंडातली काडी सोडवली.

दोनेक वर्षांनी तीच सांगत आली की रांगणं परत आलं, नव्या अपडेटमध्ये. "मामा, मामीला ह्यात करून देऊ? तुझ्याकडे फोटो आहेत ना? आणि ठकूला. तू शिकव चालायला."

तिचा हेतू चांगला होता, हे चष्मेवाल्यांना कळत होतं. त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, काड्या जरा आत वाकवल्या, पुसून परत घातला. "तुझी मामी हुबेहूब कुणाला जमायची नाही," ते म्हणाले. "आणि मी शिकवलं तर ती मोरीत जाऊन उभी राहील."

नवा कॉम्प्युटर त्यांनी भाचीच्या मुलाला दिला.

एक वाजता ते अजून शटर ओढतात. जेवतात, एक ताट आणि एक वाटी धुतात, आणि जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढून घडी करून शिलाई मशीनवर ठेवतात. पंखा घरघरतो. दुसऱ्या बिऱ्हाडात निळ्या झग्यातली बाई स्वयंपाकघरात असते. तिच्या नावापुढे तिचे उरलेले दिवस लिहिलेले असतात, एकवीस. नोकरीवरचा माणूस यायचा असतो. पिवळ्या फ्रॉकातली ठकू शाळेतून येते आणि दप्तर दारातच टाकते.

चष्मेवाले तिला आरशासमोर नेतात. आरशासमोर उभं केलं की ह्या खेळात चष्मा घालता येतो. आठ फ्रेम आहेत, त्यातली तिसरी, गोल काचांची, तिला बरी दिसते. जरा मोठी होते, पण नाक चांगलं आहे, घसरत नाही. आरशात बघून ठकू मान तिरकी करते. आतून निळी बाई तिला जेवायला हाक मारते, आणि ती पळत जाते.

इतकं झालं की ते बंद करायला घेतात. जतन करायचं का? होय म्हटलं तर चष्मा राहील, पण उद्या निळ्या बाईच्या नावापुढे वीस दिसतील. चष्मेवाले स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसतात, परत घालतात, आणि 'नाही' दाबतात.

दुसऱ्या दिवशी ठकू शाळेतून येते तेव्हा तिच्या नाकावर काही नसतं. ते तिला पुन्हा आरशापाशी नेतात.